राखाडी भिंत, मोजकी बाग आणि एक वेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाणेरला नवं रो-हाउस, मागे २४ फूट बाय १४ फुटांचं अंगण, खाली कडप्पा, आणि पश्चिमेला ७ फूट उंचीची, रंग न दिलेली राखाडी सिमेंट प्लास्टरची कंपाउंडची भिंत. बाग साधी, मोजकी, आजकाल जिला 'मिनिमलिस्ट' म्हणतात तशी हवी. भिंतीवर वेल कोणती लावायची? आर्किटेक्टने कर्टन क्रीपर सुचवली आहे, शेजारच्या काकू मधुमालती लाव म्हणतात, आईंना जाई-जुई हवी आहे, आणि तुम्हाला स्वतःला परदेशातल्या एका घराचा फोटो आवडला आहे, ज्यात अख्खी भिंत आयव्हीने भरली आहे.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात घरांच्या बागा करते. तुमच्या चारही वेली चांगल्या आहेत, फक्त त्यांना लागणाऱ्या भिंती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांतली एकही तुमची नाही. म्हणून वेलीचं नाव जरा बाजूला ठेवूया आणि आधी भिंतीकडे बघूया.

'पश्चिमेची भिंत' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुपारचं तळपतं ऊन येतं. तुमच्या बाबतीत उलट आहे. भिंत प्लॉटच्या पश्चिमेला आहे, म्हणजे अंगणातून दिसणारी तिची बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे. दुपारनंतरचं ऊन तिच्या पाठीवर, शेजाऱ्यांच्या बाजूला पडतं. मग सकाळचं ऊन तरी मिळत असेल? तेही पुरतं नाही, कारण भिंतीपासून चौदा फुटांवर तुमचं स्वतःचं दुमजली घर उभं आहे. घराची उंची साधारण २२ फूट धरली, तर सूर्य छपराच्या वर येऊन भिंतीच्या मध्यावर ऊन पडायला सकाळचे दहा वाजून जातात. साडेबाराच्या सुमारास तो डोक्यावरून पलीकडे गेला की भिंत पुन्हा सावलीत. हिशेब दोन-अडीच तासांचा होतो, डिसेंबरात त्याहून थोडा कमी. घर बुटकं असेल, किंवा दोन घरांमधल्या फटीतून ऊन येत असेल, तर हा आकडा बदलेल. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला भिंतीचा फोटो काढा, म्हणजे माझ्या अंदाजावर विसंबायची गरज उरणार नाही.

हे इतकं ताणून सांगतेय कारण फुलांच्या बहुतेक वेलींना किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते नसेल तर वेल मरत नाही, ती ऊन शोधत वर जाते. अशाच एका अंगणात मी सुरुवातीच्या काळात बोगनवेल लावली होती. दोन वर्षांत ती भिंत ओलांडून गेली आणि सगळा बहर पलीकडच्या घरी. आमच्या बाजूला उघडे काटेरी बुंधे आणि खाली चार पानं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, पण वेल काढताना मलाच फार वाईट वाटलं. तेव्हापासून उन्हाचे तास मोजल्याशिवाय मी वेलीचं नाव काढत नाही.

दुसरी गोष्ट, वेल चढते कशी. एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या महाकाय वेली बघितल्या असतील तर लक्षात येईल की वेल म्हणजे खोडावरचा खर्च वाचवलेलं झाड. उभं राहायची जबाबदारी ती दुसऱ्यावर टाकते, आणि तो 'दुसरा' आपण तिला द्यायचा असतो. काही वेली आधाराभोवती स्वतःला पिळे घालतात. काही कृष्णकमळासारख्या ताणे टाकून धरतात. काही मुळांनी थेट भिंतीला चिकटतात. आणि बोगनवेल किंवा जाई यांसारख्या काही वेली म्हणजे खरं तर लांब वाढलेली झुडपं, त्यांना आपणच बांधावं लागतं. मोजक्या बागेत याचं महत्त्व दुप्पट होतं, कारण तिथे आधारही डोळ्यांत भरतो. गर्दीच्या बागेत वाकडी जाळी, हिरवी नायलॉनची दोरी, बांबूचे तुकडे खपून जातात. तुमच्या राखाडी भिंतीवर एक तिरकी तारसुद्धा दिवाणखान्यातून रोज दिसेल.

तिसरी गोष्ट आवडीची आहे, पण माझं मत ठाम आहे. मोजक्या बागेत वेल फुलासाठी निवडू नये, पानासाठी निवडावी. फूल वर्षातले चार-सहा आठवडे असतं. उरलेले दहा-अकरा महिने तुम्ही पानाचा आकार, त्याची दाटी आणि वेलीची कड बघणार आहात. मेक्सिकोचे वास्तुकार लुईस बारागान, ज्यांना १९८० साली वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, त्यांच्या घरांमध्ये मोठीच्या मोठी भिंत कोरी असते आणि तिच्यापुढे एखादंच झाड. ते झाड दिसतं, कारण बाकी भिंत गप्प आहे. आपल्याकडे वाड्याच्या चौकात दुसरं काय होतं? फरसबंदी, मधोमध तुळशीवृंदावन, फार तर कोपऱ्यात पारिजातक. मोकळी जागा ठेवायला आपण परदेशातून शिकायची गरज नाही.

आता तुमच्याकडे आलेल्या सूचना.

कर्टन क्रीपर ही मूळची म्यानमार-थायलंडकडची वेल. बारीक फांद्या, फिकट हिरवी पानं, आणि वरून खाली सरळ पडद्यासारखी लोंबते. तिचं सगळं सौंदर्य या लोंबण्यात आहे. सात फुटी कंपाउंडवर ती खालून वर चढवायची म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध काम. तिची जागा गच्चीच्या किंवा पहिल्या मजल्याच्या कठड्यावर. तुमच्या आर्किटेक्टच्या मनात बहुधा तेच चित्र असावं, एकदा विचारून घ्या. मात्र तिथे दीड फूट रुंद, दीड फूट खोल वाफा बांधला तर ओल्या मातीचं वजन एका रनिंग फुटाला साधारण १०० किलो होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय कठड्यावर हे ओझं टाकू नका.

मधुमालती माझी लाडकी आहे. संध्याकाळी पांढरं उमलणारं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होतं, एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात, वर तो गोडसर वास. पण तिला ऊन हवं आणि मोठी जागा हवी. तिचा बुंधा जाड होतो, गळलेल्या पानांचे देठ काट्यांसारखे टणक होऊन राहतात. एका कामात मी ती ३ मिलिमीटरच्या तारेवर चढवली होती. चौथ्या पावसाळ्यात ओल्या वेलीच्या वजनाने वरचे दोन अँकर प्लास्टरसकट बाहेर आले. फाटकावरची लोखंडी कमान किंवा गाडीच्या शेडचा मजबूत सांगाडा असेल तर जरूर लावा. २४ फुटांच्या शांत भिंतीवर ती राज्य करायला लागेल.

तुमच्या फोटोतली आयव्ही बॉस्टन आयव्ही दिसते आहे, निदान पानांवरून आणि त्या लालभडक रंगावरून. तो लाल रंग थंडीचा आहे. पान गळण्याआधी जो गारठा लागतो तो पुण्याच्या हिवाळ्यात मिळत नाही. त्या फोटोतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. एकाच जातीने कडेपासून कडेपर्यंत भरलेली भिंत. हा विचार तुमच्या अंगणाला अगदी बरोबर लागू पडतो.

म्हणून माझी निवड फायकस प्युमिला. नर्सरीत याच नावाने मागा, काही जण 'वॉल क्रीपर' म्हणतात. वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातली ही वेल, मूळची चीन-जपानकडची. पान नखाएवढं, गर्द हिरवं, भिंतीला अगदी चपटं बसतं. तार नको, जाळी नको, बांधाबांध नको. अर्ध्या सावलीत खूश असते. न रंगवलेलं, किंचित खरबरीत सिमेंट प्लास्टर तिला सर्वांत सोयीचं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच आहे. तीन फुटांवर एक याप्रमाणे २४ फुटांना आठ रोपं पुरतील. पहिलं वर्ष ती काहीच करत नाहीये असं वाटेल. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पसरायला लागते आणि तीन वर्षांच्या आसपास भिंत भरते.

पण हिच्या अटी आहेत, त्या मान्य असतील तरच लावा.

पहिली, ही वेल लावणं म्हणजे भिंतीचा कायमचा निर्णय. मुळं प्लास्टरला चिकटतात आणि ओढून काढली तर तपकिरी ठसे मागे राहतात. एका घरी पाच वर्षांनी मालकांचा विचार बदलला. वेल काढली, तारेचा ब्रश मारला, ॲसिड वॉश केला, तरी ठसे गेले नाहीत. शेवटी गवंडी बोलावून प्लास्टर खरवडून नव्याने करावं लागलं. राहत्या घराच्या भिंतीवर मी ही वेल कधीच चढवत नाही, कारण तिच्यामागे ओल टिकते. कंपाउंडची भिंत वेगळी, तिच्या आत कुणी राहत नाही. तिथेही लावण्याआधी केसासारख्या तडा बुजवून घ्या. नवं बांधकाम आहे, तर एक पावसाळा जाऊ द्या, ज्या तडा जायच्या त्या जाऊन घेतील.

दुसरी अट छाटणीची. लहान, चपटी पानं हे या वेलीचं बाळरूप आहे. वर पोचून तिला मोकळीक मिळाली की ती प्रौढ होते. मग जाड फांद्या भिंतीपासून फूटभर बाहेर येतात, पानं तळहाताएवढी होतात, अंजिरासारखी हिरवी फळंही धरतात. त्या रूपात ती वाईट नसते, पण तुम्हाला हवी होती ती भिंत ती राहत नाही. यावर उपाय एकच, वर्षातून चार वेळा कात्री. मार्चअखेर, मृगाच्या आधी, गणपती झाल्यावर आणि दिवाळीनंतर. बाहेर आलेली प्रत्येक फांदी जिथून फुटली तिथेच कापायची, वरची कड भिंतीच्या माथ्याच्या चार बोटं खाली सरळ ठेवायची. कापताना पांढरा चीक निघतो, तो अंगाला खाजतो, म्हणून हातमोजे घालायचे. २४ फुटांना एका माळीकाकांची एक सकाळ पुरते. ही चार सकाळींची शिस्त जमणार नसेल तर भिंत मोकळी ठेवलेली बरी. रिकामी राखाडी भिंत सुंदर दिसते, अर्धवट वाढलेली फायकस दिसत नाही. म्हणूनच मी ही वेल 'थोडीशी कोपऱ्यात' लावू देत नाही. पूर्ण भिंत, नाहीतर काहीच नाही.

तिसरी अट शेजाऱ्यांची. वेलीला हद्द कळत नाही. भिंत सामाईक असेल किंवा सोसायटीची असेल, तर आधी बोलून घ्या, शक्यतो लेखी. दर काही वर्षांनी बाहेरून रंगकाम करणाऱ्या सोसायट्यांमध्ये हा वाद हमखास होतो.

आता तुम्ही फोटो काढलेत आणि माझा अंदाज चुकला, भिंतीला पाच-सहा तास ऊन मिळतंय असं निघालं, तर माझं उत्तर बदलेल. मग मी पेट्रिया लावेन. आपल्याकडे तिला नीलमणी वेल म्हणतात. तिच्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे. पान हातात घेऊन बघा, सँडपेपरसारखं खरबरीत लागतं. वाढ संथ, म्हणजे ती तुमच्या हाताबाहेर जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जांभळे-निळे तुरे येतात. त्यातलं मधलं गर्द जांभळं फूल दोन-तीन दिवसांत गळतं, पण मागची फिकट चांदणी बरेच दिवस टिकते आणि हळूहळू राखाडी होते. राखाडी सिमेंटवर राखाडी होत जाणारं फूल, तुमच्या भिंतीला याहून शोभणारं काही मला सुचत नाही. एकच रोप, भिंतीच्या एका टोकाला, सात-आठ फूट रुंदीपुरतं, आणि उरलेली सोळा फूट भिंत कोरी. पुण्यातली आणखी एक ओळखीची वेल संक्रांत वेल, जी जानेवारीत केशरी फुलांनी पेटून उठते. तीही उन्हाची आहे. पण तिचा रंग इतका मोठ्याने बोलतो की तुमच्या अंगणात मी ती सुचवणार नाही. फाटकाशी लावली तर रस्त्याने जाणारेही थांबून बघतील.

पेट्रिया लावली तर तारा लागतील. स्टेनलेस स्टीलचा ४ मिलिमीटरचा वायर रोप, ३०४ ग्रेड पुण्याला पुरतो. हेच काम मुंबई, कोकण किंवा गोव्यात समुद्राजवळ करायचं असतं तर ३१६ शिवाय मी हात लावला नसता, खाऱ्या हवेत ३०४ वर गंजाचे डाग येतात. तार भिंतीपासून किमान चार इंच पुढे हवी, म्हणजे खोडाला जाड व्हायला जागा राहते आणि मागून हवा खेळते. पेट्रिया पिळे घालणारी आहे, म्हणून तारा उभ्या, दीड-दीड फुटांवर, अगदी ओळंब्यात. ताण द्यायला टर्नबकल, म्हणजे पिळून तार घट्ट करायचा स्क्रू, आणि अँकर प्लास्टरमध्ये न ठोकता आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल. खोड तारेभोवती घट्ट आवळायला लागलं तर मुख्य खोड सोडवून तारेच्या पुढे मोकळं बांधायचं. पहिल्या दोन वर्षांत हे केलं की पुढे त्रास होत नाही.

माती हा विषय लोक शेवटी विचारतात आणि बहुतेक वेली तिथेच मार खातात. नव्या बांधकामात भिंतीलगतच्या पट्टीत वर सहा इंच लाल माती आणि खाली सगळं राबिट असतं. विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचा चुरा. चुन्यामुळे ती माती अल्कधर्मी होते, मग झाडाला लोह घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी वाढवतात, खत वाढवतात, उपयोग होत नाही. म्हणून आधी पहार घालून बघा. राबिट लागलं तर दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर खणून ते सगळं बाहेर काढा. भरताना निम्म्याहून जास्त चांगली पोयट्याची माती, उरलेल्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाडी वाळू, वर मूठ-मूठ निंबोळी पेंड. फरशीच्या कडेला पाणी साचत नाही ना, हे एकदा बादलीभर पाणी ओतून तपासा.

आणखी एक बारकावा पुण्याच्या पावसाचा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो. तुमच्या भिंतीची अंगणाकडची बाजू वाऱ्याच्या आडोशाला येते, त्यामुळे भर जुलैतही भिंतीच्या पायथ्याशी फूटभर पट्टी कोरडी राहू शकते. 'पावसाळा आहे, पाणी कशाला' म्हणून लोक ड्रिप बंद करतात आणि नवी रोपं ऑगस्टमध्ये सुकतात. रोप भिंतीला खेटून न लावता आठ-दहा इंच पुढे लावा, भिंतीकडे जरा कलतं ठेवा, आणि बोट मातीत घालून ओल बघितल्याशिवाय पाणी बंद करू नका.

रोपं उरुळी कांचन परिसरातल्या नर्सऱ्यांमध्ये मिळतील. तिथे मोठ्या रोपाचा मोह होतो. फायकस मात्र लहान पिशवीतलीच घ्या. काठीवर चढवून उंच केलेल्या रोपाच्या जुन्या फांद्या भिंत धरत नाहीत, नवे कोंब धरतात. लावल्यावर रोप वीतभर ठेवून वरचं सगळं कापायचं. घरच्यांना धक्का बसतो, पण नवे धुमारे जमिनीपासूनच भिंतीला चिकटत वर जातात आणि खालचा भाग पुढे उघडा पडत नाही.

राहिली आईंची जाई-जुई. हा हट्ट मोडू नका. ती मागच्या भिंतीवर नको, कारण तिथे ऊन नाही आणि जाईच्या सैलसर, पसरट फांद्या त्या भिंतीची शिस्त घालवतील. पण घराची पुढची बाजू पूर्वेला आहे, तिथे सकाळपासून दुपारपर्यंत स्वच्छ ऊन असणार. दाराशेजारी, खिडकीच्या ग्रीलला लागून एक जुई लावा. मी दोघींत जुई निवडते, कारण फूल लहान, वेल आटोपशीर, आणि पावसाळ्यात ती भरभरून येते. नर्सरीत जाई, जुई, चमेली या नावांची अदलाबदल होते, म्हणून पान बघून घ्या. जुईच्या मोठ्या पानाच्या बुडाशी कानांसारखी दोन इवली पानं असतात. ग्रीलची उंची आईंच्या हाताला येईल एवढीच ठेवा, त्यापुढचे शेंडे खुडत राहा. गजऱ्याच्या कळ्या संध्याकाळी, उमलायच्या आत काढाव्या लागतात, आणि त्यासाठी कुणी स्टुलावर चढायला नको.

आधी ते फोटो काढा आणि पहार घालून माती बघा. राबिट किती खोल निघालं आणि ऊन किती तास मिळालं एवढं कळवलंत, तर रोपांची नेमकी संख्या आणि चराचं माप मी सांगते. खणायचं काम मे महिन्यात उरका, आणि भिंतीने एक पावसाळा बघितला असेल, तर रोपं मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावा.